सोनेरी संध्याकाळ, परवाना फी दहा रुपये

परवा शनिवारी दुपारी जेवून मस्तपैकी ताणून द्यायचा बेत होता. शुक्रवारी रात्री रिलीज कशीबशी ढकलली होती, डोळे चुरचुरत होते, फोन सायलेंटवर टाकणार इतक्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड येऊन पडला. पिवळसर केलेला फोटो. मध्ये लाकडी रेडिओ, भोवती आजी-आजोबा, आई-बाबा, नातवंडं, सगळे कान देऊन ऐकतायत. खाली मजकूर. आशय असा की शंभर वर्षांपूर्वी भारतात रेडिओ आला आणि घराघरातली संध्याकाळ उजळली. तेव्हा यंत्र एक होतं आणि माणसं एकत्र होती. आता यंत्रं प्रत्येकाच्या हातात आणि माणसं मात्र एकटी. शेवटी हात जोडलेल्या तीन बाहुल्या. ग्रुपवर धडाधड अंगठे.

झोप गेली ती गेलीच.

आता आधीच सांगतो, काकांशी माझं भांडण नाही. काका पासष्टीचे. त्यांच्या लहानपणी आमच्या वाड्यात एक रेडिओ होता आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीला अर्धी आळी ओसरीवर यायची, हे मी आजीकडूनही ऐकलंय. ती आठवण खरी आहे. माझा आक्षेप आहे तो "शंभर वर्षांपूर्वी" आणि "घराघरात" या दोन शब्दांवर. ही थाप निरुपद्रवी वाटते, पण नाहीये. कारण ती खरी मानली की आपण आजही एक चूक पुन्हा पुन्हा करतो, आणि ती चूक मी स्वतः पगार घेऊन केलेली आहे. त्याबद्दल पुढे.

तर मंडळी, चला त्या शंभर वर्षांपूर्वीच्या संध्याकाळी. तारीख २३ जुलै १९२७, वार शनिवार. (हो, तेव्हाही वीकेंडच होता :) ) त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन केलं. पाठोपाठ २६ ऑगस्टला कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. आज आपण २३ जुलैला राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणतो तो यामुळेच. व्हाइसरॉयसाहेबांनी भाषणात दूरदूरच्या खेड्यांची आठवण काढली. दिवसभराचं काम आटोपल्यावर ज्यांना वेळ खायला उठतो, अशा माणसांना या नव्या यंत्राचा मोठा आधार होईल, असा एकूण सूर.

छान. आता जरा इंजिनियरच्या नजरेने बघू. केंद्राचा ट्रान्समीटर होता दीड किलोवॅटचा. खात्रीने ऐकू येण्याचा टप्पा साधारण तीस मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. नकाशा काढा आणि मुंबईवर कंपास टेकवून ४८ किलोमीटरचं वर्तुळ काढा. ठाणं आत येतं. कल्याण काठावर. कर्जत बाहेर. पुणं तर कुठल्या कुठे. आणि वर्तुळाचा पश्चिमेकडचा जवळजवळ अर्धा भाग? तो अरबी समुद्रात! दूरच्या खेड्यातल्या शेतकऱ्यासाठी उभारलेल्या यंत्राची निम्मी ताकद बोंबील आणि पापलेटांच्या करमणुकीला. यापेक्षा लांबचं ऐकायचं तर भारी, महागडा सेट हवा, उंच एरियल हवी आणि रात्रीची वेळ हवी.

बरं, वर्तुळाच्या आत राहणाऱ्याची संध्याकाळ तरी कशी होती? गिरगावातल्या एखाद्या हौशी कारकुनाची कल्पना करा. स्वस्तातला सेट म्हणजे क्रिस्टल सेट. त्याला बॅटरी लागत नाही, वीज लागत नाही. हवेतून येणाऱ्या लहरींच्या ताकदीवरच तो चालतो. पण त्यासाठी गच्चीवर लांब तार ताणायची, दुसरी तार खाली नळाच्या पाईपला बांधायची, आणि मग एका खड्यावर बारीक तारेचं टोक टेकवत "सापडलं, गेलं, सापडलं" करत बसायचं. कोणी दार आपटलं की टोक हललं, गाणं गेलं. महिना जुलैचा, बाहेर विजा चमकतायत, प्रत्येक विजेसरशी कानात कडकड. आणि मुख्य गोष्ट: क्रिस्टल सेटला स्पीकर चालवण्याइतका दम नसतो. ऐकायचं ते हेडफोनवर.

हेडफोन. म्हणजे यजमान कानाला लावून बसलेले आणि बाकीचं घर "काय म्हणतोय? काय म्हणतोय?" करत त्यांच्या तोंडाकडे बघतंय. फार तर काचेच्या वाडग्यात हेडफोन ठेवून सगळ्यांनी डोकी जवळ आणायची, म्हणजे मुंगीच्या आवाजात काहीतरी ऐकू यायचं. लोकलमध्ये कानात बोळे घालून बसलेल्या ज्या पोराला फॉरवर्डवाले शिव्या घालतात, त्याचा खापरपणजोबा हाच तो रेडिओवाला. स्पीकर हवा तर व्हॉल्व्हचा सेट घ्यायचा. तो परदेशातून आलेला, जकात भरलेला, आणि त्याची बॅटरी संपली की दुकानात नेऊन चार्ज करून आणायची. हे सगळं परवडणाऱ्याच्या दिवाणखान्यात सोनेरी संध्याकाळ होत असेल, नाही म्हणत नाही.

आणि यावर परवाना.

आजच्या कित्येकांना माहीतही नसेल की रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागायचा. मागच्या दिवाळीत माळा साफ करताना आजोबांचं परवान्याचं पुस्तक सापडलं. बँकेच्या पासबुकासारखं, पोस्टाने दिलेलं, आत दर वर्षाची तिकिटं डकवलेली. मी आधी बचतीचं पासबुक समजून खूश झालो होतो. हा परवाना १९८० च्या दशकात बंद झाला. पण १९२७ साली त्याची फी होती वर्षाला दहा रुपये. त्यातले आठ कंपनीला, दोन सरकारला.

दहा रुपये जास्त की कमी? पैशाचं आजचं मूल्य वगैरे काढत बसण्यापेक्षा सरळ हिशोब करू. त्या काळी ब्रिटनमध्ये रेडिओचा परवाना दहा शिलिंगांना मिळायचा. रुपयाचा दर १९२७ च्या कायद्याने ठरवला होता एक शिलिंग सहा पेन्स. म्हणजे आपले दहा रुपये झाले पंधरा शिलिंग. लंडनमधला माणूस जे दहा शिलिंगांना ऐकत होता, त्याच्या दीडपट पैसे मुंबईच्या माणसाने भरायचे. तिकडच्या पगारात आणि इकडच्या पगारात काय फरक होता ते मी सांगायला नको. शिवाय लंडनवाल्याला काय मिळत होतं? बीबीसीची गावोगावची केंद्रं, आणि १९२५ पासून डॅव्हेंट्रीचा २५ किलोवॅटचा लाँगवेव्ह ट्रान्समीटर. बीबीसीचे मुख्य इंजिनियर पी. पी. एकर्सली यांचं धोरणच होतं की साध्या क्रिस्टल सेटवर जास्तीत जास्त लोकांना ऐकू आलं पाहिजे. आधी कव्हरेज, मग बाकीचं. इकडे अख्ख्या उपखंडाला दीड किलोवॅटची दोन केंद्रं.

आता निकाल बघा. १९२७ अखेर भारतात परवाने होते ३,५९४. १९२८ अखेर ६,१५२. १९२९ अखेर पावणेआठ हजारांच्या आसपास. ब्रिटनमध्ये १९२७ मध्येच वीस लाखांच्या वर. १९३१ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या ३५ कोटी. म्हणजे १९२९ च्या आकड्याने साधारण पंचेचाळीस हजार माणसांमागे एक परवाना. "घराघरात" म्हणे!

आणि कंपनीचा धंदा? साधारण पावणेआठ हजार गुणिले आठ रुपये, बासष्ट हजार रुपयांच्या आसपास. वर्षाला. तेही प्रत्येकाने परवाना वेळेवर नवा केला तर. कंपनीचं भांडवल कागदावर १५ लाख, प्रत्यक्ष उभं राहिलेलं ६ लाख, त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभारण्यातच गेले. परवान्याच्या जोडीला आयात होणाऱ्या सेटच्या किमतीवर दहा टक्के आकार कंपनीला मिळायचा. पण सेट महाग म्हणून खपत नाहीत, खपत नाहीत म्हणून पैसे नाहीत, पैसे नाहीत म्हणून केंद्रं वाढत नाहीत, केंद्रं नाहीत म्हणून सेट खपत नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर डेडलॉक. आणि तो सोडवायचा उपाय काय, तर सेटवर आणखी आकार!

हे डिझाइन आलं कुठून? सरळ कॉपी-पेस्ट. ब्रिटनमध्ये १९२२ मध्ये सेट बनवणाऱ्यांनी मिळून ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी काढली होती. परवान्यातला वाटा आणि सेटवरची रॉयल्टी, हेच तिचं सुरुवातीचं उत्पन्न. तिकडे ते चाललं, कारण सेट तिथेच बनत होते, शहरं दाट होती आणि लोकांच्या खिशात पैसे होते. मजा म्हणजे १ जानेवारी १९२७ ला ब्रिटनने ती कंपनी बंद करून सार्वजनिक महामंडळ केलं. जे व्हर्जन तिकडे निवृत्त झालं, ते सहा महिन्यांनी आपल्याकडे प्रॉडक्शनवर चढवलं. एकही कॉन्फिगरेशन न बदलता. बदललं ते एकच, फी दीडपट केली.

१ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत गेली. १ एप्रिलपासून सरकारने केंद्रं चालवायला घेतली. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनेही परवडत नाही म्हणून बंद करायचं ठरवलं.

इथे थांबा. कारण माझा मुद्दा इथे आहे.

त्या क्षणी समोर फक्त आकड्यांचा तक्ता असलेला माणूस काय म्हणेल? चार वर्षं होऊन गेली, ३५ कोटींच्या देशात परवाने जेमतेम आठ हजार. सरळ आहे, या लोकांना रेडिओची आवड नाही. ट्रॅफिक नाही, फीचर काढून टाका.

पण पुढे काय झालं? बंदची बातमी आल्यावर लोकांनी ओरड केली, आणि महिन्या-दीड महिन्यात, २३ नोव्हेंबर १९३१ ला, सरकारला निर्णय फिरवावा लागला. आवड नसलेल्या लोकांनी ओरड कशाला केली असती? १९३२ मध्ये सरकारने सेटवरची जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्के केली. म्हणजे सेट आणखी महाग. तरीही १९३२ अखेरचे साडेआठ हजार परवाने १९३४ अखेर सोळा हजारांवर गेले. का? कारण १९३२ च्या डिसेंबरात बीबीसीची एम्पायर सर्व्हिस शॉर्टवेव्हवर सुरू झाली. शंभर किलोमीटरवरचं मुंबई केंद्र जिथे धड पोचत नव्हतं, तिथे हजारो किलोमीटरवरचं डॅव्हेंट्री पोचू लागलं. हे नवे परवाने घेणाऱ्यांत इथले युरोपियन बरेच होते, ते मान्य. पण मग तेच तर सिद्ध होतं: सिग्नल जिथे पोचला आणि खिसा जिथे पुरला, तिथे आवड आपोआप उगवली.

लोकांची आवड मोजतो असं म्हणत ते खरं तर स्वतःच्या ट्रान्समीटरची ताकद मोजत होते.

आता माझ्या पापाची कबुली. काही वर्षांपूर्वी मी एका प्रॉडक्टवर काम करत होतो. नाव कशाला, ते आता बंदही पडलंय. त्यात मराठी इंटरफेस होता. एका मीटिंगमध्ये प्रश्न निघाला, मराठी ठेवायचं की काढायचं? डेटा काढायचं काम माझ्याकडे. मी इमानदारीत क्वेरी लिहिली, सुंदर ग्राफ केला, आणि सांगितलं की वापर नगण्य आहे. मराठी गेलं. माझ्या ग्राफचं कौतुक झालं. घरी येताना बसमध्ये लक्षात आलं की मराठीचा पर्याय सेटिंग्जमध्ये तीन पानं आत होता, आणि तिथे पोचायचा रस्ता सगळा इंग्रजीत. ज्याला मराठी हवंय त्याने आधी तीन पानं इंग्रजी वाचायचं, मग मराठी मिळणार! मी वापर मोजला. पोचण्याचा रस्ता मोजला नाही. दुसऱ्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. ग्राफ छान झाला होता ना.

म्हणून त्या फॉरवर्डवर मी एवढा का चिडलो ते कळलं असेल. "तेव्हा घराघरात रेडिओ होता" असं म्हटलं की ज्यांच्यापर्यंत तो कधी पोचलाच नाही, ती पंचेचाळीस हजारांतली चव्वेचाळीस हजार नऊशे नव्याण्णव माणसं फोटोतून गायब होतात. आणि जी गायब झाली त्यांना "आवड नव्हती" म्हणायला आपण मोकळे.

यावर तीन आक्षेप येतात. सुट्टीचा दिवस आहे, घेऊया.

एक: "नवी वस्तू आधी श्रीमंतांकडेच जाते रे, मग खाली झिरपते." झिरपते, पण आपोआप नाही. कोणीतरी फी कमी करावी लागते, मनोरा उंच करावा लागतो. एकाच वर्षी, एकाच साम्राज्यात, वीस लाख आणि साडेतीन हजार, हा फरक झिरपण्याच्या वेगाचा नाही. कोणासाठी पाईप टाकला त्याचा आहे.

दोन: "परवान्याचे आकडे खोटे. बिनपरवान्याचे सेट कितीतरी होते." होते की! म्हणूनच तर १९३३ मध्ये इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट आणून १ जानेवारी १९३४ पासून बिनपरवाना सेट बाळगणं हाच गुन्हा केला. पण हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. लोक कायदा मोडून ऐकत होते, याला आवड नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? माझ्या मीटिंगमधल्यासारखंच, जे ऐकत होते ते मोजले जात नव्हते.

तीन, आणि हा आमच्या क्षेत्रातल्या मित्रांचा लाडका: "कंपनी होती, तिला नफा नको का?" जरूर हवा. पण मग व्हाइसरॉयच्या तोंडी खेडूत कशाला? धंदा मुंबई-कलकत्त्याच्या दिवाणखान्यांचा होता तर तसं सांगावं. भाषणात शेवटचा माणूस आणि ट्रान्समीटरच्या टप्प्यात पहिला माणूस, ही जोडी तेव्हापासून आजतागायत सुखाने नांदतेय. कुठलंही प्रॉडक्ट लाँच आठवून बघा.

मग काकांच्या ओसरीवरची ती संध्याकाळ आली कुठून? ती खरी होती असं मीच वर म्हटलंय. तर ती नंतर, मुद्दाम बांधली गेली. १९४७ साली, म्हणजे मुंबई केंद्रानंतर वीस वर्षांनीसुद्धा, स्वतंत्र भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आली, आणि त्यांचा टप्पा होता देशाच्या अडीच टक्के भूभागापर्यंत आणि ११ टक्के लोकांपर्यंत. त्यानंतर नागपूर केंद्र आलं १९४८ मध्ये, पुणे १९५३ मध्ये. पुण्यात केंद्र झालं म्हणून १९५५ मध्ये तिथून गीतरामायण झालं. गदिमा आणि बाबूजी दोघंही थोरच, पण १९२७ च्या व्यवस्थेत त्यांचं गाणं पुण्यात वाजलंच नसतं, कारण पुणं वर्तुळाच्या बाहेर होतं. पुढे ट्रान्झिस्टर आला, बॅटरीच्या चार सेलवर चालू लागला आणि रेडिओ शेताच्या बांधावर गेला. काकांची आठवण या सगळ्याच्या पुढची. ती सोनेरी झाली कारण मधल्या तीसेक वर्षांत लोकांनी ओरड केली, सार्वजनिक पैसा लागला, मनोरे उभे राहिले. फॉरवर्डमध्ये हा खर्च गाळला जातो आणि नुसतं सोनं उरतं.

आणि हो, ओसरीवर अर्धी आळी जमायची ती का? कारण बाकीच्या अर्ध्या आळीकडे रेडिओ नव्हता. एकत्र येणं छान होतं, पण त्यातल्या काही जणांना आपला स्वतःचा सेट, आपल्या आवडीचं स्टेशन हवं असेल की नाही? आजी एकदा सहज म्हणाली होती, "आम्ही बायका आत स्वयंपाकघरातून ऐकायचो, तुझे आजोबा लावतील ते." फोटोत आजी रेडिओशेजारी हसत बसलेली आहे. खऱ्या ओसरीवर ती नव्हती.

असो. शनिवारची झोप गेलीच होती, तेव्हा मी ग्रुपवर काकांना लिहिलं, "काका, फोटो मस्त. पण १९२७ मध्ये आपल्या गावात हा रेडिओ लागलाच नसता, आपण तीस मैलांच्या बाहेर होतो." काकांचा बराच वेळ काही मेसेज नाही. मला वाटलं रागावले. संध्याकाळी फोनच आला. म्हणाले, "अरे, वाड्यात रेडिओ आला तेव्हा मी असेन सहा-सात वर्षांचा. त्याआधी आम्ही पोरं पाटलांच्या खिडकीखाली उभी राहून ऐकायचो. ते कधीकधी खिडकी लावून घ्यायचे."

हे फॉरवर्डमध्ये नव्हतं.

सोमवारी ऑफिसला गेल्यावर कोणी "या युजर्सना यात इंटरेस्टच नाही" म्हणालं, तर ग्राफ काढण्याआधी एवढंच बघा की खिडकी उघडी होती का. मी त्या वेळी बघितली नव्हती.